पपईने चुकलेली पाळी येत नाही
शहादा-तळोदा भागात पपईच्या बागा जागोजागी दिसतात. पाळी लांबली की पपई खावी, म्हणजे ती येते आणि दिवस गेले असतील तर गर्भही पडतो, हा समजही खानदेशात तितकाच रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. पाळी दोन-चार दिवसांनी आपोआप आली की श्रेय पपईला मिळते. प्रत्यक्षात 21 ते 35 दिवसांचे चक्र सामान्य मानले जाते, आणि ताण, वजनातील बदल, थायरॉइड किंवा पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) यांमुळे स्त्रीबीज उशिरा बाहेर पडले की पाळीही पुढे जाते. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे, म्हणून गरोदरपणी ती टाळलेली बरी. परंतु गर्भपातासाठी तिच्यावर विसंबल्यास मोलाचे आठवडे वाया जातात, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. दिवस गेल्याची शंका असल्यास आशाताईंकडील ‘निश्चय’ किटने लघवी तपासावी. पाळी मुळातच अनियमित असेल तर संबंधानंतर 21 दिवसांनी केलेली तपासणी विश्वासार्ह ठरते. गर्भ नको असेल, तर 1971 च्या कायद्यातील अटींनुसार मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो आणि सज्ञान स्त्रीला त्यासाठी पतीची संमती लागत नाही.