क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉल) : विविध कालखंडांतील खेळाडूंची तुलना

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाच्या अकरा खेळाडूंपैकी जो सेंटरकडून (फळीच्या मध्यभागी असलेल्या खेळाडूकडून) चेंडू घेऊन चाल सुरू करतो आणि तो चेंडू पुढे फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे हे ठरवतो, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. मराठीत नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की जो खेळ समजला जातो, त्याच्याशी या नोंदीचा संबंध नाही. भिन्न कालखंडांतील थोर क्वार्टरबॅकांची तुलना हा या खेळाच्या अभ्यासकांचा जुना वादविषय आहे. क्रिकेटमध्ये उघड्या व झाकलेल्या खेळपट्ट्यांवरील धावा एका मापाने मोजताना जी अडचण येते, तीच येथे अधिक तीव्रतेने येते, कारण येथे नियम, चेंडूचा आकार आणि हंगामातील सामन्यांची संख्या तर बदललीच, पण ‘क्वार्टरबॅक’ या नावाने ओळखले जाणारे कामही बदलले.

नावाचा उगम : संघाच्या मागील फळीत सर्वांत मागे फुलबॅक, त्याच्या निम्म्या अंतरावर हाफबॅक आणि पाव अंतरावर क्वार्टरबॅक, हा अपूर्णांकांचा हिशेब सर्वसाधारणपणे मान्य आहे. मात्र हा शब्द अमेरिकेतच घडला की रग्बीच्या ब्रिटिश परिभाषेतून आला, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश बेटांतील रग्बीतही ‘हाफ’ व ‘क्वार्टर’ अशी नावे प्रचलित असल्याने दुसरे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही. शब्द कोठूनही आला असला, तरी त्याला आजच्या खेळातील जागा मिळाली ती येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० मध्ये झालेल्या नियमबदलामुळे. रग्बीतील झोंबाझोंबीऐवजी एका संघाकडे चेंडूचा निर्विवाद ताबा राहील आणि तो मागे देऊन चाल सुरू होईल, असे तेव्हा ठरले. चेंडू प्रथम ज्याच्या हाती येईल तो क्वार्टरबॅक, आणि त्याने चेंडू घेऊन पुढे धावू नये, असे त्या नियमात म्हटले होते. याचा अर्थ, मूळचा क्वार्टरबॅक हा चेंडू दुसऱ्याकडे पोहोचवणारा मध्यस्थ होता. आज ज्या कौशल्यावरून त्याची थोरवी ठरते ती चेंडूची पुढे फेक, म्हणजे फॉरवर्ड पास, त्या काळी नियमबाह्य होती.

१९०५ च्या हंगामात मैदानावर अनेक तरुणांचे मृत्यू झाल्याने खेळावर बंदी घालण्याची मागणी झाली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही त्यात लक्ष घातले. त्यानंतरच्या सुधारणांत १९०६ मध्ये फॉरवर्ड पासला मान्यता मिळाली. पहिला वैध पास कोणी फेकला, हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. दीर्घकाळ हा मान वेस्लियन विद्यापीठाच्या खेळाडूंना दिला जाई. त्यांनी ३ ऑक्टोबर १९०६ रोजी येलविरुद्ध पास पूर्ण केला, म्हणजे फेकलेला चेंडू सहकाऱ्याने झेलला होता. तथापि सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन याने ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे कॅरल कॉलेजविरुद्ध जॅक श्नायडरकडे पास फेकल्याची नोंद आहे आणि तारखेच्या दृष्टीने तीच आधीची ठरते. अलीकडील लेखनाचा कल याच बाजूला आहे व तो योग्य वाटतो. त्या सामन्यात रॉबिन्सनचा पहिला प्रयत्न फसला आणि तत्कालीन नियमानुसार चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. नेम चुकल्यास एवढी जबर किंमत मोजावी लागत असल्याने पुढची कित्येक वर्षे संघ पासच्या वाटेला फारसे जात नसत. १९१२ मध्ये पासच्या अंतरावरील मर्यादा उठली आणि चेंडू निमुळता होऊ लागला. व्यावसायिक खेळात मात्र १९३२ पर्यंत, चाल सुरू होते त्या रेषेच्या किमान पाच यार्ड मागूनच पास फेकावा लागे. त्या वर्षीच्या निर्णायक सामन्यात शिकागो बेअर्सच्या ब्रॉन्को नागुर्स्कीने रेड ग्रेंजकडे फेकलेला पास या अटीत बसतो की नाही, यावरून वाद झाला. पुढच्या वर्षी रेषेमागे कोठूनही पास फेकण्याची मुभा मिळाली. १९३४ मध्ये चेंडूचा घेर आणखी कमी करण्यात आला.

टी-रचना : पूर्वी लोकप्रिय असलेल्या सिंगल विंग रचनेत सेंटर चेंडू काही यार्ड मागे उभ्या असलेल्या टेलबॅककडे फेकत असे, पास बहुधा तोच टाकी आणि क्वार्टरबॅक म्हणवणारा खेळाडू त्याच्यासाठी वाट मोकळी करून देई. टी-रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या पाठीला चिकटून, गुडघे वाकवून, दोन्ही तळहात त्याच्या पायांमध्ये धरून उभा राहतो आणि चेंडू थेट त्याच्या हाती येतो. रचना नवी नव्हती. तिला नवे रूप मिळाले ते क्लार्क शॉनेसी यांच्या विचारातून आणि जॉर्ज हॅलस यांच्या बेअर्स संघाकडून. ८ डिसेंबर १९४० रोजी अजिंक्यपदाच्या सामन्यात सिड लकमनच्या नेतृत्वाखाली बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडवल्यावर एकेक संघ या रचनेकडे वळला. म्हणून १९४० च्या आधीच्या आणि नंतरच्या क्वार्टरबॅकांची तुलना करताना आपण एकाच कामाविषयी बोलत आहोत का, हे आधी पाहावे लागते.

सॅमी बॉ (कारकीर्द १९३७–५२, संपूर्ण वॉशिंग्टन संघाकडून) याचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. बॉ १९४४ पर्यंत टेलबॅक होता. त्या काळी खेळाडू आक्रमण व बचाव दोन्हींत उतरत. १९४३ मध्ये पास फेकण्यात, पंट करण्यात (चेंडू हातातून सोडून लाथेने लांब मारण्यात) आणि प्रतिस्पर्ध्यांचे पास मधल्यामध्ये झेलण्यात, अशा तिन्ही बाबतींत तो नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत (पुढे नुसते ‘लीग’) पहिला होता; त्याने ११ पास अडवले. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी डेट्रॉइटविरुद्ध त्याने चार टचडाउन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम रेषेपलीकडे पोहोचून गुण मिळतात असे पास) फेकले आणि चार पास अडवलेही. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लकमनने जायंट्सविरुद्ध सात टचडाउन पास फेकले. महायुद्धामुळे अनेक खेळाडू सैन्यात गेले होते आणि संघ दुबळे झाले होते, ही गोष्ट दोघांच्याही आकड्यांना लागू आहे. तरीही १९४५ मध्ये बॉचे ७०.३ टक्के पास पूर्ण झाले, आणि तेव्हा लीगमधले निम्मे पासही पूर्ण होत नसत. तो विक्रम १९८२ पर्यंत टिकला.

मोजमापाची साधने : लीगने अधिकृत आकडेवारी १९३२ पासून ठेवली. सर्वोत्तम पासर ठरवण्याची कसोटी मात्र वारंवार बदलली. प्रारंभी एकूण यार्ड पाहिले जात, नंतर काही वर्षे पूर्ण पासांची टक्केवारी, तर १९५० च्या दशकात प्रत्येक पासमागील सरासरी यार्ड. १९७३ पासून ‘पासर रेटिंग’ हे सूत्र लागू झाले. पूर्ण पासांची टक्केवारी, प्रतिपास यार्ड, टचडाउनचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासांचे, म्हणजे इंटरसेप्शनचे, प्रमाण या चार घटकांना प्रत्येकी शून्य ते २.३७५ गुण देऊन त्यांच्या बेरजेला सहाने भागतात आणि शंभराने गुणतात. कमाल मूल्य १५८.३ येते. तत्कालीन सरासरी खेळाडूला प्रत्येक घटकात एक गुण, म्हणजे एकूण ६६.७, मिळावेत असा सूत्रकर्त्यांचा हिशेब होता. ५० टक्के पूर्ण पास, प्रतिपास ७ यार्ड, ५ टक्के टचडाउन व ५.५ टक्के इंटरसेप्शन ही ती सरासरी.

हे सूत्र प्रत्यक्ष चालवून पाहणे उपयुक्त ठरते. जो नेमथ याने १९६७ मध्ये ४९१ पैकी २५८ पास पूर्ण करून ४,००७ यार्ड मिळवले. एका हंगामात चार हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला व्यावसायिक खेळाडू. टचडाउन २६, इंटरसेप्शन २८. चार घटकांचे गुण अनुक्रमे १.१३, १.२९, १.०६ व ०.९५ येतात आणि रेटिंग ७३.८. गेल्या दशकात लीगची सरासरीच नव्वदच्या आसपास असल्याने आजच्या वाचकाला नेमथ सुमार वाटेल. पण ज्या सरासरीवर सूत्र बेतले होते, तिच्याहून तो वरच होता. सूत्रात आणखीही उणिवा आहेत. क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला गेला, त्याच्या हातून चेंडू सुटला किंवा तो स्वतः धावत सुटला, यांतले काहीही त्यात येत नाही. उलट ज्याचा प्रत्येक पास जमिनीवर पडला, त्यालाही ३९.६ गुण मिळतात. यार्डांत टचडाउनमागे २० मिळवून, इंटरसेप्शनमागे ४५ आणि पाडले गेल्याने गमावलेले यार्ड वजा करून, येणाऱ्या संख्येला पास व पाडले जाणे यांच्या एकूण संख्येने भागण्याची पद्धत पुढे रूढ झाली. ती अधिक समंजस आहे, परंतु जुन्या काळातील पाडले जाण्याच्या नोंदी अपुऱ्या असल्याने ती फार मागे नेता येत नाही. प्रस्तुत तुलनेसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे खेळाडू आपल्या समकालीनांच्या सरासरीपासून किती दूर होता हे पाहणे, बॉचे ७०.३ टक्के या मापानेच थक्क करतात.

१९७८ चा बदल : त्या वर्षीपासून रेषेपुढे पाच यार्डांनंतर पास झेलणाऱ्याला धक्का देण्यास बचावपटूंना मनाई झाली. पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटच्या दांडग्या खेळामुळे हा नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. क्वार्टरबॅकभोवती कडे करणाऱ्यांना हात लांब करून, उघड्या पंजांनी रोखण्याचीही मुभा मिळाली. हंगाम १४ वरून १६ सामन्यांचा झाला. १९६० पर्यंत नॅशनल फुटबॉल लीगमध्ये तो १२ सामन्यांचा होता आणि २०२१ पासून १७ आहे. या बदलांचे पहिले मोठे फळ म्हणजे मायामीच्या डॅन मरीनोचा १९८४ चा हंगाम : ५,०८४ यार्ड, ४८ टचडाउन, रेटिंग १०८.९. हे यार्ड २७ वर्षे कोणालाही ओलांडता आले नाहीत. पुढे २०११ या एकाच हंगामात तिघांनी पाच हजारांचा टप्पा गाठला. बाल्टिमोरच्या जॉनी युनायटसने १९५९ मध्ये अवघ्या १२ सामन्यांत ३२ टचडाउन पास फेकले होते, म्हणजे सामन्यामागे २.६७. मरीनोचे प्रमाण ३ पडते, पेटन मॅनिंगच्या २०१३ मधील ५५ चे ३.४४. बचावपटू झेलणाऱ्याला वाटेतच आडवा करू शकत असताना युनायटसने मिळवलेल्या आकड्याला त्यामुळे अधिक वजन द्यावे लागते.

युनायटसची दुसरी थोरवी आकड्यांत दिसत नाही. २८ डिसेंबर १९५८ रोजी जायंट्सविरुद्धच्या अजिंक्यपद सामन्यात शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना चेंडू त्याच्या संघाच्या स्वतःच्या अंतिम रेषेपासून अवघ्या १४ यार्डांवर होता. त्याने रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास फेकून ६२ यार्ड काढले, बरोबरी साधून दिली आणि जादा वेळेत ८० यार्डांची मजल मारून सामना २३–१७ असा जिंकून दिला. त्यातील चाली तो स्वतः ठरवत होता. त्याउलट क्लीव्हलँडच्या ओटो ग्रॅहमला प्रशिक्षक पॉल ब्राउन प्रत्येक चाल खेळाडूकरवी सांगून पाठवत. १९९४ पासून तर प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील रेडिओतून थेट कानी येतो. निर्णय कोणाचा होता, हे विचारल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. ग्रॅहमच्या बाजूने मात्र एक विलक्षण गोष्ट आहे : १९४६ ते १९५५ या दहाही हंगामांत त्याचा संघ अजिंक्यपदाच्या सामन्यात होता आणि सात वेळा जिंकला. त्यांपैकी चार विजेतेपदे प्रतिस्पर्धी लीगमधली असल्याने काही जण ती कमी लेखतात. पण १९५० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये येताच त्याच संघाने पहिल्याच वर्षी अजिंक्यपद पटकावले, हे पाहता तो आक्षेप फारसा टिकत नाही.

विजेतेपदांची कसोटी : सुपर बोल, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाचे अंतिम सामने, किती जिंकले, ही सामान्य चाहत्यांची आवडती कसोटी आहे. तिने पाहिल्यास सात विजेतेपदांचा टॉम ब्रॅडी (२०००–२०२२) निर्विवाद पहिला ठरतो. चार जिंकणारा जो मोंटॅना अंतिम सामन्यात कधी हरला नाही. चारही सामने मिळून १२२ पासांत ११ टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन नाही. मरीनो मात्र एकमेव अंतिम सामना मोंटॅनाच्याच संघाकडून १६–३८ असा हरला. पिट्सबर्गच्या टेरी ब्रॅडशॉने चार जिंकले, परंतु कारकिर्दीत २१२ टचडाउनसमोर २१० इंटरसेप्शन आहेत. विजय अकरा आक्रमकांचा आणि अकरा बचावपटूंचा असतो, हे येथे विसरता येत नाही. ब्रॅडीच्या दीर्घ कारकिर्दीचे मोल मात्र कमी होत नाही. २००० मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंना संघांत घेण्याच्या निवड प्रक्रियेत १९९ व्या क्रमांकावर घेतलेल्या या खेळाडूने ८९,२१४ यार्ड व ६४९ टचडाउन मिळवले. क्वार्टरबॅकला इजेपासून वाचवणारे नियम याच काळात कडक झाले. २००८ मध्ये खुद्द ब्रॅडीचा गुडघा जायबंदी झाल्यानंतरही त्यांत भर पडली.

ज्यांना खेळूच दिले नाही : १९३४ ते १९४५ या काळात नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि त्यानंतरही कृष्णवर्णीयांना ही जागा क्वचितच दिली जाई, महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्यांना व्यावसायिक संघ दुसऱ्या जागी हलवत. वॉरन मून याला १९७८ मध्ये एकाही संघाने निवडले नाही. त्याने कॅनडात एडमंटनला सलग पाच ग्रे कप (तेथील अजिंक्यपदे) जिंकून दिले आणि १९८४ मध्ये तो ह्यूस्टनमध्ये आला. त्याच्या अमेरिकन आकड्यांत ती सहा वर्षे नाहीत. डग विल्यम्सने ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये चारपैकी दुसऱ्या सत्रात चार टचडाउन पास फेकले. सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंनी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक उतरायला २०२३ साल उजाडावे लागले. १९६० पूर्वीच्या कोणत्याही क्रमवारीत ही उणीव गृहीत धरावी लागते आणि ती कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही.

अधिकृत निवडी : लीगच्या पन्नासाव्या वर्षी ठरवलेल्या सर्वकालीन संघात क्वार्टरबॅक म्हणून युनायटसची निवड झाली, पंचाहत्तराव्या वर्षी बॉ, ग्रॅहम, युनायटस व मोंटॅना यांची. २०१९ मधील शताब्दी संघात या चौघांसह ब्रॅडी, एल्वे, फार्व्ह, मॅनिंग, मरीनो व स्टाउबाक होते. लकमन नाही, बार्ट स्टार नाही. बेनी फ्रीडमनचे नावही नाही; त्याने १९२९ मध्ये जायंट्सकडून २० टचडाउन पास फेकले, पण चेंडू तेव्हा फुगीर होता, अधिकृत नोंदी ठेवल्या जात नव्हत्या, आणि हा आकडा नंतर वृत्तपत्रांतील वृत्तांतांवरून जुळवलेला आहे.