बॉक्स तोच, सा वेगळा

गिटार हातात घ्या आणि डावा हात खुशाल मांडीवर ठेवा. एकही फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) न दाबता सहाच्या सहा मोकळ्या तारा एकदा छेडा: ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. तारा सहा असल्या तरी स्वर पाचच, कारण दोन्ही टोकांच्या तारा एकाच स्वराच्या आहेत, दोन सप्तकांच्या अंतरावर. हे पाच स्वर चढत्या ओळीत लावले की ई, जी, ए, बी, डी असे होतात. क्लासला महिनाभर गेलेला कुणीही लगेच सांगेल, ही तर ई मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांची स्केल (स्वरमाला)! ज्या स्केलसाठी आपण फी भरतो ती वाद्यात आधीपासून बसलेली असते.

आता मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि सूर जी, म्हणजे आपली पांढरी पाच, ठेवा. त्यावर याच मोकळ्या तारा सावकाश एकेक छेडा. सा, रे, ग, प, ध ऐकू येतील: भूप रागाचे स्वर. ॲपचा सूर ए करा, सा, रे, म, प आणि कोमल नी होतील. हे मेघाचे आणि मधमाद सारंगाचे. बी केला तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. डी केला तर दुर्गा, ई केला तर धानी. एवढं सगळं होईपर्यंत डावा हात मांडीवरून हललेला नाही.

जाणकारांच्या भुवया उंचावण्याआधीच मान्य करतो की राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर सारखेच असतात. एकात गंधार वादी (मुख्य स्वर), दुसऱ्यात धैवत, आणि ऐकताना दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. इथे मी फक्त स्वरसंचांबद्दल बोलतो आहे. आणि ही युक्तीही नवी नाही. सा सरकवायचा आणि तेच स्वर नव्याने मोजायचे, याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. नाट्यशास्त्रातही तिचं वर्णन आहे.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. दोनतीन वर्षं गिटार वाजवलेल्या बहुतेकांची एकच तक्रार असते: ‘सोलो घेतला की बोटं त्याच बॉक्समध्ये फिरतात आणि सगळं सारखंच वाटतं.’ बॉक्स म्हणजे फ्रेटांवर बोटांना पाठ झालेला स्केलचा चौकोनी आकार. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे अजून दहा स्केल पाठ कर. मला तो सल्ला पटत नाही. दोष बॉक्सचा नाही. तो आपण कायम एकाच जमिनीवर, म्हणजे खालच्या एकाच आधारसुरावर, उभा करतो, एवढंच. जमीन बदला, नाहीतर बॉक्स उचलून त्याच जमिनीवर दुसरीकडे ठेवा. कानाला ती नवी स्केल असते आणि बोटांना जुनीच.

कान असं का ऐकतो, ते एका तारेवरून कळेल. गिटारची बीची तार सेकंदाला साधारण २४७ वेळा थरथरते. खाली कुठलाही सूर ठेवला तरी तिच्या कंपनांत काडीचा फरक पडत नाही. पण खाली १९६ कंपनांचा जी असेल तर त्या दोघांचं गुणोत्तर १.२६ होतं, म्हणजे जवळपास ५:४, आणि तोच स्वर गोड गंधार होतो. १६५ च्या ईवर ते ३:२ च्या अगदी जवळ जातं आणि तीच तार भक्कम पंचम बनते. २२० च्या एवर ते ९:८ च्या आसपास येतं. आता ती अधांतरी लोंबकळणारा रिषभ असते. कंप पावणारी कुठलीही तार आपल्या मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक सूरही सोडत असते. १९६ च्या जीचा पाचवा उपस्वर ९८०, तर २४७ च्या बीचा चौथा ९८८. हे दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात, म्हणून गंधार जुळल्यासारखा वाटतो. पूर्ण बसत नाहीत, कारण फ्रेटवरचा गंधार शुद्ध ५:४ पेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका फ्रेटचं अंतर १०० सेंट). तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला गिटारचा भूप किंचित खुपतो तो इथेच.

मग पाचच स्वर का, आणि हेच पाच का? एका सप्तकात बारा स्वर. सा पक्का धरून उरलेल्या अकरांतून कुठलेही चार निवडले तर ३३० पंचस्वरी संच होतात. आता एकच अट घालू: कुठलेही दोन स्वर एका फ्रेटच्या अंतरावर नकोत, वरच्या ‘सा’च्या बाजूनेसुद्धा. ३३० मधले फक्त १५ उरतात. दुसरी अट: कुठल्याही दोन स्वरांत सहा फ्रेटचं, म्हणजे मध्यम आणि शुद्ध निषाद यांच्यातलं ते अवघड अंतर नको. आता उरतात ५. आणि हे पाच म्हणजे वर मोकळ्या तारांवर निघालेले तेच: भूप, मेघ, मालकंस, दुर्गा, धानी. मी हे पहिल्यांदा कागदावर मोजलं तेव्हा काहीतरी चुकलं असं वाटून पुन्हा मोजलं होतं.

एका फ्रेटच्या अंतराशी कानाचं एवढं वैर का, याचा माग जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात काढला. ४४० आणि ४६६ कंपनांचे दोन सूर एकत्र वाजले की आवाज सेकंदाला २६ वेळा कमी-जास्त होतो. हे हेलकावे सुटे मोजता येत नाहीत इतके जलद आणि एकजीव होत नाहीत इतके संथ असतात. कानाला ते खरखरीत लागतात. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते आणि तिच्यातल्या पडद्यावर प्रत्येक सुराची आपली जागा असते. फार जवळच्या सुरांच्या जागा एकमेकींवर चढतात. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ मध्ये हे श्रोत्यांवर प्रयोग करून मोजलं. पेंटाटॉनिकमध्ये ‘चुकीचा स्वर’ लागत नाही असं जे म्हणतात त्याच्या मुळाशी हेच आहे: मागचा सूर विरण्याआधी पुढचा लागला तरी दोघं भांडत नाहीत.

याच्या जोडीला मेंदूची सवय. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड सायन्स फेस्टिव्हलमध्ये गायक बॉबी मॅकफेरिन रंगमंचावर उड्या मारत होता. एका जागेला एक सूर, शेजारच्या जागेला दुसरा, इतकंच त्याने प्रेक्षकांना दाखवलं. मग तो तिसऱ्या जागी उडाला आणि अख्ख्या सभागृहाने न सांगता पेंटाटॉनिकचा पुढचा स्वर लावला. ती चित्रफीत जरूर शोधून बघा.

आता बॉक्स सरकवू. त्यासाठी एक साखळी लागेल: ‘सा’पासून पंचम, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम, असं पुढे पुढे. एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. यातले कुठलेही सलग पाच उचला, पहिल्या स्वराचा भूप मिळतो. सहावा घेतलात की एका फ्रेटचं भांडण लगेच सुरू. एफपासून मोजलं तर सहावा ई, आणि तो एफला खेटूनच. पाचवर थांबणं हा म्हणूनच योगायोग नाही. आणि साखळीत एक पाऊल सरकलं की एक स्वर गळतो, एक नवा येतो, चार तसेच राहतात. दोन पावलांत तीन सामाईक, तीन पावलांत दोन. जमिनीपासून आपण किती लांब गेलो, याचं हे सरळ माप आहे.

गिटारवर हे करणं सोपं, कारण इथे आकार बदलत नाही. पुढचा प्रत्येक फ्रेट सूर १.०५९५ पटीने चढवतो आणि बाराव्यावर तो बरोबर दुप्पट होतो. हात उचलून दुसरीकडे ठेवला की झालं. पेटीवाल्याला प्रत्येक पट्टीत बोटं नव्याने बसवावी लागतात. जमीन सी धरू. पाचव्या फ्रेटवरचा नेहमीचा मायनर बॉक्स म्हणजे ए मायनर पेंटाटॉनिक, आणि तेच सीच्या भूपाचेही स्वर. हे आपलं घर.

तोच बॉक्स आठव्या फ्रेटवर नेला की सी मायनर पेंटाटॉनिक होते, म्हणजे साखळीत तीन पावलं मागचा ई फ्लॅटचा भूप. घराशी सामाईक स्वर फक्त दोन, सा आणि प. खाली मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि वर कोमल गंधार, ही तर ब्लूजची सगळी मजा. ब्लूजचा गिटारवादक बी. बी. किंग हे दोन्ही बॉक्स एकाच वाक्यात मिसळायचा. कोमल गंधारावर तार जराशी ताणून तो शुद्धाच्या अलीकडे कुठेतरी सोडून द्यायचा. ती जागा कुठल्याच फ्रेटवर नसते. म्हणजे बॉक्स सरकवण्याचं काम प्रत्येक ब्लूजवाला करतोच, फक्त त्याला ते सरकवणं म्हणून माहीत नसतं.

आणखी तीन फ्रेट पुढे, अकराव्यावर, ई फ्लॅट मायनर. आता घरापासून सहा पावलं. साखळी बारा पावलांत फिरून पुन्हा घरी येते, म्हणजे हे त्या वर्तुळाचं पार पलीकडचं टोक. सामाईक स्वर शून्य. पेटीवर बघाल तर काळी एक ते काळी पाच, एवढ्याच पट्ट्या. नुसत्या सी मेजरवर हे वाजवलंत तर शेजारी दार ठोठावतील. पण खाली सी सेव्हन कॉर्ड असेल आणि ती एफकडे निघालेली असेल, तर हाच बॉक्स जॅझमधला तो पिळवटलेला रंग देतो, ज्यासाठी मोठाल्या नावांची स्केल पाठ करायला लावतात. एफ आला की संपूर्ण बॉक्स एकच फ्रेट खाली, दहाव्यावर घ्या. तिथे एफचा भूप आहे. पाचही स्वर एकदम घरी पोचतात. मधला ताण कान चालवून घेतो याचं कारण, माझ्या मते, आकाराची ओळख: सूर परके असले तरी त्यांच्यातली अंतरं रोजचीच असतात, आणि चाल आपण अंतरांवरूनच ओळखतो. १९६० ते ६५ या काळात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत मॅकॉय टायनरने पियानोवर या सरकत्या पेंटाटॉनिकचा धडाका लावला. त्याच्या डाव्या हातातल्या कॉर्ड बहुतेक मध्यमाच्या अंतराने रचलेल्या असत, आणि गिटारच्या तारा तर एक जोडी सोडली तर तशाच लावलेल्या असतात.

साखळीत पुढच्या बाजूला मात्र ताण नाही, उजेड आहे. एक पाऊल पुढे जीचा भूप, बाराव्या फ्रेटवर. सी गळतो आणि शुद्ध निषाद येतो. सी मेजर सेव्हनवर हा बॉक्स वाजवला की तेच जुने लिक (बोटांत बसलेले छोटे तुकडे) एकदम स्वच्छ धुतल्यासारखे वाटतात, कारण त्यांत आता ‘सा’च नाही. तो बेसवाल्याकडे आहे. आणखी एक पाऊल पुढे डीचा भूप, म्हणजे सातव्या फ्रेटवरचा बी मायनर बॉक्स. जीही गळतो, त्याच्या जागी एफ शार्प. सीच्या जमिनीवर हे स्वर ओळीने म्हणून बघा: नी, रे, ग, तीव्र म, ध.

फ्यूजन वाजवणारे याला ‘रूटच्या (मूळ सुराच्या) एक फ्रेट खालची मायनर पेंटाटॉनिक’ म्हणतात. पण शास्त्रीय गाणं चार दिवस शिकलेल्या माणसालाही ही ओळ कुठे भेटते ते सांगावं लागत नाही. यमन चढताना सा आणि प टाळून नी रे ग, मग तीव्र म ध नी असंच तर चालतो. साखळीत दोन पावलांच्या अंतराचे दोन भूप एकमेकांवर ठेवायचे, खालच्याचा फक्त सा आणि वरचा अख्खा, की यमनाची वाट सापडते. १९७० च्या दशकात झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या फ्यूजन बँडमध्ये वाजवताना ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनने गिटारलाच आधारसुराच्या वेगळ्या आडव्या तारा बसवून घेतल्या होत्या. जमीन वाद्यातच हवी, हे त्याला कळलेलं असणार.

मी हा प्रकार घरी करत होतो तेव्हा शेजारच्या काकू, ज्या कित्येक वर्षं गाणं शिकवतात, दारात येऊन उभ्या राहिल्या. पाचदहा मिनिटं त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, ‘यमन वाजवतोयस ते कळलं रे, पण तुझा सा कुठाय?’

मी टेबलावरच्या मोबाइलकडे बोट दाखवलं.