फलकावरचा 'ज्युनिअर': खान्देशच्या रंगमंचावरील हुबेहूब नटांची पार्श्वभूमी

यात्रेच्या दिवसांत खान्देशातल्या एखाद्या गावाच्या वेशीवर लोकनाट्याचा किंवा ऑर्केस्ट्राचा फलक लागतो, त्यावर गाजलेल्या सिनेनटाचे नाव ठळक छापलेले असते आणि त्या नावाआधी 'ज्युनिअर' हा शब्द बसवलेला असतो. वाचणाऱ्याला त्यात फसवणूक वाटत नाही. मुंबईचा तो नट आपल्या नदीपात्रातल्या तंबूत येणार नाही हे त्याला पुरते ठाऊक असते, आणि तरीही तो तिकीट काढतो. हा व्यवहार समजून घ्यायचा तर सुरुवात सोंगापासून करावी लागते, कारण प्रसिद्ध माणसासारखा दिसणारा नट ही चीज अलीकडची असली, तरी ती ज्या मातीत रुजली ती माती सोंगांची आहे.

दारोदार फिरणारा बहुरूपी, ज्याला या भागात रायरंदही म्हणतात, कधी पोलीस होऊन येई, कधी साधू, तर कधी लग्नाच्या वऱ्हाडाला बोलावणारा आगंतुक. त्याचा पोलीस हा कोणत्याही एका पोलिसासारखा दिसत नसे. खाकी कपडे, छडी आणि दरडावणी एवढ्यावर घरातली लहान मुले आईच्या पदराआड जात. सातपुड्याच्या पायथ्याशी नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांमध्ये रात्रभर चालणाऱ्या सोंगाड्या पार्टीचाही हाच रिवाज आहे. तिथला सावकार पोटावरून ओळखायचा आणि शिपाई टोपीवरून. 'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण रोजच्या बोलण्यात आहे, कारण एका रात्रीत एकाच नटाने अनेक सोंगे वठवणे हा नियमच होता. जो चार घटकांत चार माणसे होतो, त्याच्या मूळ चेहऱ्याला फारशी किंमत असणे शक्यच नव्हते.

चेहऱ्याला किंमत आली ती चेहरा छापला जाऊ लागल्यावर. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि देवादिकांची चित्रे स्वस्तात घरोघरी पोचली. त्याआधी राम धनुष्यावरून आणि कृष्ण मोरपिसावरून कळत असे. आता त्यांना ठरावीक नाकडोळे मिळाले, आणि 'हा अगदी चित्रातला रामच दिसतो' असे नटाविषयी म्हणता येऊ लागले. साम्य ठरवायला समोर काहीतरी मूळ असावे लागते. खान्देशच्या बहुसंख्य प्रेक्षकांना ते मूळ प्रथम कॅलेंडरांनी आणि तसबिरींनी पुरवले, असे मानायला हरकत नाही.

संगीत नाटकाच्या काळात या गोष्टीला वेगळे वळण लागले. रेल्वेमुळे जळगाव आणि भुसावळ ही गावे नाटक कंपन्यांच्या वाटेवर आली, आणि १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाल्यावर धुळेही जोडले गेले. बालगंधर्वांशी जळगावाचे नाते आजही तिथल्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहाच्या नावात टिकून आहे. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) लकबी उचलणारे नट गावोगावच्या हौशी मंडळ्यांत तयार झाले. पदर सावरण्याची ढब, मान किंचित कलती ठेवून घेतलेली तान, शालू नेसण्याची पद्धत. गंमत अशी की मूळ पुरुषाने स्त्रीचे रूप घेतलेले, खऱ्या स्त्रिया त्या रूपाची नक्कल करत, आणि गावातला तरुण नट पुन्हा त्याच रूपाची नक्कल करी. पण यातही नाकडोळ्यांच्या साम्यापेक्षा गळ्याचे आणि वळणाचे साम्य मोलाचे होते. गाता न येणारा देखणा मुलगा कितीही गंधर्वांसारखा दिसला, तरी त्याचा उपयोग शून्य.

राजकीय पुढाऱ्यांचे चेहरे खान्देशात छापील चित्रांइतकेच प्रत्यक्षही आले. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्यासह महात्मा गांधींनाही हजारो शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. अशा मुलखात शाळेच्या स्नेहसंमेलनात गांधी उभा करणे सोपे असते आणि अवघडही. टक्कल, गोल चष्मा, पंचा आणि काठी जमली की टाळी पडते, पण पहिल्या रांगेत बसलेल्या एखाद्या आजोबांनी खरे गांधी पाहिलेले असत आणि ते चालण्यातली चूक काढत. साने गुरुजींचेही तसेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात त्यांनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले, तेव्हा त्या गावात गुरुजींची भूमिका करणाऱ्याला तसबिरीपेक्षा गावाच्या आठवणीशी जुळावे लागले. ही कसोटी सिनेनटाच्या डुप्लिकेटाला कधीच लागली नाही, कारण सिनेनटाला खान्देशने जवळून पाहिलेलेच नव्हते.

फिरत्या टॉकीजच्या तंबूंनी आणि नंतर व्हिडिओ पार्लरनी सिनेनटाचा चेहरा एवढा मोठा आणि एवढ्या वेळा दाखवला की प्रेक्षकाला त्याची भुवईसुद्धा पाठ झाली. त्याच सुमारास गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा बोकाळला, आणि दोन गाण्यांच्या मधली रिकामी जागा भरायला मिमिक्री करणारा कलाकार लागू लागला. तमाशातही गण, गौळण, बतावणी आणि वग या जुन्या क्रमात 'रंगबाजी' नावाचा सिनेगीतांचा भाग शिरला. 'ज्युनिअर' हे बिरुद सगळ्यांत प्रसिद्ध केले ते बालकलाकार ज्युनिअर मेहमूद यांनी. विनोदी नट मेहमूद यांची नक्कल करूनच त्यांनी १९६८ च्या सुमारास नाव कमावले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निधन होईपर्यंत ते त्याच नावाने ओळखले गेले. त्यांचा चेहरा मेहमूदसारखा नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

सगळेच चेहरे सारखे उचलता येत नाहीत, हे या धंद्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. देव आनंदची झुकलेली मान आणि गळ्यापर्यंत लावलेली बटणे, राज कपूरची आखूड विजार, दादा कोंडके यांची अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी, निळू फुले यांचा घोगरा स्वर, हे सारे लांबूनही ओळखू येते, आणि तंबूतला शेवटच्या रांगेतला प्रेक्षक लांबच बसलेला असतो. रंगपटात जरा वेळ थांबले तर हे काम कसे चालते ते दिसते. पत्र्याची पेटी, झाकणाच्या आतून चिकटवलेला आरसा, त्याच्या कडेला मूळ नटाचे मासिकातून कापलेले छायाचित्र. कलाकार आधी केसांचा भांग पाडतो, कारण भांग चुकला तर पुढचे सगळे वाया जाते. मग बोटाने भुवया जाड करतो, स्पिरिट गमने कल्ले चिकटवतो, आणि तोंड रंगवून झाल्यावर दहा मिनिटे कोणाशी बोलत नाही. गप्प बसण्याचे कारण साधे आहे, कल्ले अजून ओले असतात. पण लांबून पाहणाऱ्याला तो भूमिकेत शिरतो आहे असेच वाटते.

हिंदी सिनेमाने या डुप्लिकेटांना जवळ केले ते १९९० च्या आसपास. देव आनंदसारखे दिसणारे किशोर भानुशाली त्या काळात पडद्यावर गाजले, आणि १९९१ मध्ये तर अमिताभ बच्चन, अनिल कपूर, गोविंदा आणि देव आनंद यांच्यासारख्या दिसणाऱ्या कलाकारांना घेऊन एक पूर्ण चित्रपट निघाला. खान्देशाला मात्र त्याहून जवळचे उदाहरण मालेगावचे. मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे तालुके १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खान्देशातच होते, आणि बाजार व बोलीच्या हिशेबाने मालेगाव आजही धुळ्यापासून फारसे दूर गेलेले नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये 'शोले'ची मालेगावी आवृत्ती काढली, तेव्हा पात्रे निवडताना मूळ नटांशी साम्य हा त्यांचा पहिला निकष होता. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. यंत्रमागावर राबणाऱ्या आणि शुक्रवारी सुट्टी असणाऱ्या शहराने तो पाहिला आणि उचलून धरला. सायकलीवरचा डाकू पाहून आलेले हसू हे त्या निर्मितीचे अपयश नव्हते, ते तिचे मर्मच होते.

खान्देशच्या बोलीतल्या, म्हणजे अहिराणी, रंगमंचानेही हेच मर्म धरले. चेहरा मुंबईच्या सिताऱ्याचा आणि तोंड उघडले की 'काय रे भो, कथा जाई राहिना?' (काय रे भाऊ, कुठे चाललास?) असा सवाल, की तंबूत हशा पिकलाच म्हणून समजा. इथे साम्य जितके पक्के, तितकी बोलीची ठेच मोठी. चेहरा अर्धवटच जुळला तर विनोदही अर्धवट राहतो. माझ्या मते खान्देशी ज्युनिअरचे खरे कौशल्य सिताऱ्यासारखे दिसण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक त्या दिसण्याला आपल्या गावच्या पारावर आणून बसवण्यात आहे, आणि हे काम आरशापुढे शिकता येत नाही.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न नवा नाही. चार्ली चॅप्लिनने आपला वेश घेऊन 'चार्ली अ‍ॅप्लिन' नावाने पडद्यावर आलेल्या नटाविरुद्धचा खटला जिंकला होता आणि १९२८ मध्ये तो निकाल अपिलातही टिकला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या, सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या आणि मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन त्यांचे नाव, छबी आणि आवाज यांच्या परवानगीवाचून होणाऱ्या व्यापारी वापराला लगाम घातला. त्या खटल्यांचा रोख मुख्यतः संकेतस्थळे, वस्तूंचे विक्रेते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रफिती यांच्यावर होता. विडंबन आणि टीका यांना कायद्यात जागा आहे, हेही अनिल कपूर प्रकरणात न्यायालयाने मान्य केले. यात्रेतला तंबू या चौकटीत नेमका कुठे बसतो, हे कोणी फडमालकाला विचारायला गेलेले नाही. फडमालक आपल्या परीने काळजी घेतो: फलकावर सिताऱ्याचे नाव हातभर अक्षरांत येते, आणि 'ज्युनिअर' हा शब्द त्याच्या डोक्यावर, बारीक पण वाचता येईल असा, पिवळ्या रंगात.