विंडोज १० सोडावी की ठेवावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे थांबवले. त्या तारखेमुळे कोणाचाही संगणक बंद पडला नाही. आदल्या दिवशी चालणारे सगळे दुसऱ्या दिवशीही चालत होते. म्हणूनच विंडोज ११ घ्यावी का, याची चर्चा बहुधा स्टार्टचे बटण मध्यभागी गेले, मेनू बदलले, संगणक मंद होईल का, अशा गोष्टींभोवती फिरत राहते. या गोष्टींची सवय आठवडाभरात होते, आणि निर्णय त्यांवर बेतण्याचे कारण नाही. खरा प्रश्न असा आहे, की जो प्रोग्राम काल सुरक्षित मानला जात होता तो एक अक्षरही न बदलता आज असुरक्षित का ठरतो.

प्रोग्राम यंत्राच्या भागांसारखा झिजत नाही. त्यातील त्रुटी पहिल्या दिवसापासून असतात. बदलते ते त्या त्रुटींविषयीचे इतरांचे ज्ञान. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या प्रणालींसाठी दुरुस्त्या प्रसिद्ध करते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, की मूळ फाइल आणि दुरुस्त फाइल शेजारी ठेवून त्यांतील नेमका फरक शोधता येतो, आणि त्या फरकावरून छिद्र कोठे होते हे जाणकाराला कळते. हे काम सुरक्षा-संशोधक करतात तसेच हल्लेखोरही करतात. विंडोज ११ चा गाभा मोठ्या प्रमाणात विंडोज १० वरच उभा असल्याने नव्या प्रणालीत बुजवलेली अनेक छिद्रे जुनीतही असतात. विंडोज १० च्या दुरुस्त्या थांबल्यानंतर नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती जुन्या प्रणालीतील उघड्या जागेचा पत्ताच जाहीर करते. धोका त्या तारखेला एकदम वाढत नाही. तो महिन्यागणिक साचत जातो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१७ मधले आहे. विंडोजमध्ये फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या एका व्यवस्थेतील त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. त्याच त्रुटीचा फायदा घेणारा वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर प्रोग्राम १२ मे रोजी पसरू लागला आणि दीडशेहून अधिक देशांत पोहोचला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यात बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न बसवलेले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा तसाच पसरणारा विध्वंसक प्रोग्राम आला. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहामार्फत चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवा येथील टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. नॉटपेट्याची वैशिष्ट्यपूर्ण गोष्ट अशी, की दुरुस्ती न केलेल्या एका संगणकात शिरल्यावर तो तेथील स्मृतीतून पासवर्ड चोरून त्याच जाळ्यातील दुरुस्त केलेल्या संगणकांतही जात असे. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे काही नाही’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. तो संगणक घरच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यात इतरांसोबत असतो. (नॉटपेट्याचा पहिला प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून झाला होता, हेही नोंदवले पाहिजे. अपडेट म्हणजे आपोआप सुरक्षितता, असेही नाही.)

मग सर्वांनी विंडोज ११ बसवावी, तर ती सर्व संगणकांवर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक लागतो. तो मदरबोर्डवर स्वतंत्र चिप म्हणून असतो किंवा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असतो. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर पुढे चालणाऱ्या प्रोग्रामचा एक गणिती ठसा काढून टीपीएममध्ये नोंदवला जातो, आणि सांकेतिक स्वरूपात ठेवलेली डिस्क उलगडण्याची किल्ली हे ठसे अपेक्षेप्रमाणे जुळले तरच बाहेर दिली जाते. सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये कोणी ढवळाढवळ केली असेल, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असेल, तर किल्ली मिळत नाही आणि डिस्कवरची माहिती निरर्थक राहते. अनेक संगणकांत टीपीएम असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. म्हणून ‘तुमचा संगणक पात्र नाही’ हा संदेश वाचून लगेच नवा संगणक घेण्याआधी बायोसमधील टीपीएमची नोंद तपासावी.

प्रोसेसरची अट मात्र मला तितकी पटत नाही. इंटेलची २०१७ मध्ये आलेली आठवी पिढी किंवा त्यानंतरची, आणि एएमडीचे रायझेन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर, अशी ढोबळ सीमा आखली गेली. विंडोजच्या गाभ्याचे संरक्षण करणारी ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय फार जुन्या प्रोसेसरवर संगणकाला मंद करते, हे खरे आहे. परंतु तिला आवश्यक असलेली यंत्रणा इंटेलच्या सातव्या पिढीतही होती, आणि तरीही त्या पिढीतील बहुतेक प्रोसेसर यादीबाहेर राहिले. विज्ञानाइतकाच हा धोरणाचा भाग आहे. ही तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत, पण अशा संगणकाला पुढील अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा नसतील तर ती प्रणाली सुरूच होत नाही.

आपल्याकडील छापखाने, डीटीपीवाले आणि जुनी दुकाने यांची अडचण वेगळी आहे. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट, म्हणजे त्याहून जुन्या पिढीचे, प्रोग्राम चालत नाहीत, म्हणजे डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळात फॉक्सप्रो या माहितीसाठ्याच्या प्रोग्राममध्ये लिहून घेतलेली बिलाची व्यवस्था थांबते. आणि उपकरणे चालवणारे ३२-बिट प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरही चालत नाहीत, त्यामुळे हार्डवेअर लॉकवर (संगणकाला जोडाव्या लागणाऱ्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारे जुने प्रोग्राम किंवा फाँट-संच अडू शकतात. अशा ठिकाणी घाईने अपग्रेड करणे ही चूक ठरेल. जुना संगणक इंटरनेटपासून आणि कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळा करून त्याच कामासाठी ठेवावा, बँक आणि ईमेल दुसऱ्या संगणकावर हलवावे, आणि जुन्या फाँटमधील मराठी मजकूर, तो उघडणारा प्रोग्राम चालू आहे तोवरच, युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत बदलून घ्यावा.

ज्यांना वेळ हवा आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना दिली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंगचा बॅकअप त्या खात्यात ठेवल्यास पैसे पडत नाहीत, अन्यथा ३० डॉलर किंवा त्याच्या बरोबरीची स्थानिक रक्कम. संगणक पात्र नसेल आणि काम ब्राउझर, पत्रलेखन व हिशेबाचे तक्ते एवढेच असेल, तर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली हा प्रामाणिक पर्याय आहे. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तेथेही मिळतो.

अपग्रेड करायचे ठरलेच, तर आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. पसंत न पडल्यास विंडोज १० कडे परतण्याची सोय साधारणपणे १० दिवस राहते. आणि विंडोज ११ कोरी बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, तर अनेक संगणकांत डिस्क आपोआप सांकेतिक स्वरूपात बदलली जाते. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली त्या खात्यात नोंदलेली आहे का ते पाहून कागदावर उतरवून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली तर टीपीएम मालकालाही ओळखत नाही.