लष्करी विमाने ओळखणे (सोलापूर परिसर)

घराच्या गच्चीवरून, अंगणातून किंवा शेताच्या बांधावरून दिसणारे लष्करी विमान आवाज, आकार, दिशा आणि चाल एवढ्यांवरून कोणत्या जातीचे हे ठरवण्याचा छंद. त्याला लागणारे साहित्य थोडे: उघडे आकाश, कान, जमल्यास ८×४२ ची दुर्बीण आणि एक वही. पहिल्या गोष्टीची सोलापुरात ददात नाही. जिल्हा पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा, जमीन सपाट. नान्नजच्या माळावर, माळढोकासाठी १९७९ मध्ये राखून ठेवलेल्या गवताळ प्रदेशाच्या आसपास, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आड येणारे काहीच नसते. शहरात जुन्या घरांची माळवदे गेली आणि सिमेंटच्या गच्च्या आल्या. उन्हाळ्यात तिथे अंथरूण टाकून आभाळ पाहत पडायची सवय मात्र राहिली आहे.

ही विद्या मुळात छंद म्हणून जन्मली नाही. ब्रिटनमध्ये १९२५ साली नागरिकांचे एक निरीक्षक दल उभारले गेले. दुसऱ्या महायुद्धात तिथले रडार समुद्राकडे तोंड करून होते. किनारा ओलांडून आत शिरलेल्या विमानांचा माग टेकड्यांवरच्या चौक्यांतून डोळ्यांनी आणि कानांनीच काढावा लागे. त्या कामाबद्दल १९४१ मध्ये दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. विमानाची काळी छायाकृती समोरून, बाजूने आणि खालून दाखवणारे तक्ते त्याच काळात घरोघर पोचले. आजही नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी. रंगीत छायाचित्रे देखणी असतात, पण आभाळात विमान बहुधा काळेच दिसते.

सोलापुरात हवाई दलाचा तळ नाही आणि इथल्या निरीक्षणाचा सगळा स्वभाव त्यातून ठरतो. पुण्याच्या लोहगावात, हवाई दलाच्या तळाशेजारी राहणाऱ्याला सुखोई हे लढाऊ विमान म्हणजे शेजारचा बुलेटवाला. सोलापूरकराला तो पाहुणा. सरळ रेषेत मोजले तर लोहगाव वायव्येला सुमारे २३० किलोमीटर, बीदर पूर्वेला सुमारे १७० किलोमीटर. बीदरच्या पलीकडे, हैदराबादच्या अंगाला, हकीमपेठ आणि दुंडिगल ही प्रशिक्षणाची ठाणी आहेत. वायव्येलाच, पण बरेच लांब, सुखोई बांधणारा नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना. म्हणून विमान कुठल्या दिशेने आले हा इथला पहिला पुरावा. वायव्येकडून जड, खोल गडगडाट आला तर मनात सुखोई यावा; पूर्वेकडून एका इंजिनाचे लहानसे जेट आले तर बीदरच्या तळावरचे हॉक हे प्रशिक्षणाचे विमान. दिशेवरून निकाल मात्र देऊ नये. वैमानिक सरावाला निघाला की तो कुठून कुठेही वळतो, आणि तळ बदलणारी विमाने देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून येतात.

डोळ्याआधी कान कामाला लागतो आणि तिथेच पहिली फसगत होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, वरच्या थंड हवेत त्याहून थोडा कमी. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचा आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात साडेसात किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. ‘कुठाय, कुठाय’ करत आवाजाच्या जागी पाहणाऱ्याला तिथे फक्त निळे आभाळ दिसते. हात लांब करून धरलेली मूठ आभाळाचे सुमारे १० अंश व्यापते. तेव्हा डोक्यावरून आवाज आला की विमानाच्या वाटेवर साडेतीन-चार मुठी पुढे पाहावे. विमान जितके खाली तितके हे अंतर कमी. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते आणि आवाज खाली वाकून दूरवर येतो. तेव्हा ऐकू आलेले प्रत्येक विमान दिसेलच असे नाही.

आवाजाची जातही ओळखता येते. प्रवासी जेटचा सूर एकसारखा आणि लांबचा. लढाऊ जेट आभाळ फाडत आल्यासारखे वाटते आणि ते गेल्यावरही गुरगुर मागे राहते. पंख्याच्या इंजिनाची मालवाहू विमाने घुमतात. हेलिकॉप्टर तर लहान मूलही सांगते.

आकार पाहताना क्रम ठरवलेला बरा: पंख कसे, इंजिने किती आणि कुठे, शेपटी कशी. सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये हवाई दलात दाखल झाले ते लोहगावलाच. दोन उभी शेपटे, दोन इंजिनांमधून मागे निघालेला लांब सोंडेसारखा भाग आणि मुख्य पंखांच्या पुढे छोटे जादा पंख, या तीन खुणा एकत्र दिसल्या की शंका उरत नाही. त्याची लांबी जवळजवळ २२ मीटर. अडीच किलोमीटर अंतरावर ते आपल्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाएवढे लांब दिसते. हे मोजमाप लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण उंचीचा अंदाज बहुतेक लोक भलताच चुकवतात आणि ‘अगदी घरावरून गेलं’ असे सांगतात. राफेलला त्रिकोणी पंख आणि पुढचे छोटे पंख दोन्ही असतात. मिराज-२००० आणि तेजस यांना पंख त्रिकोणी, पण पुढचे छोटे पंख नाहीत आणि मागचे आडवे शेपूटही नाही. मिग-२१ चा त्रिकोण मात्र मागच्या आडव्या शेपटासह असे. ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निवृत्त झाले. त्यानंतरच्या वहीत कोणी मिग-२१ लिहिले असेल तर ती नोंद खोडावी.

बीदरच्या हॉकचे पंख खालच्या बाजूला, किंचित मागे झुकलेले आणि जेमतेम १० मीटर पल्ल्याचे. हवाई दलाचे कसरती करणारे सूर्यकिरण पथक हीच विमाने उडवते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या पथकाकडे आधी किरण विमाने होती. नऊ हॉक एकत्र दिसली तर ओळखण्यासारखे काही उरतच नाही, नुसते पाहावे. दुंडिगलचे पिलाटस हे प्रशिक्षण विमान नाकावर एकच पंखा असलेले, खालच्या पंखाचे.

खरा घोळ मालवाहू विमानांत होतो आणि अलीकडे तो वाढला आहे. २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली. तिचे एटीआर-७२ हे वरच्या पंखाचे, दोन पंख्यांचे विमान. हवाई दलाचे एएन-३२ ही तसेच. लांबून दोन्ही सारखी वाटतात. फरक शेपटीत आहे. एटीआरचे आडवे शेपूट उभ्या शेपटीच्या टोकावर, इंग्रजी टी अक्षरासारखे बसते, एएन-३२ चे खाली धडाशी. शिवाय एएन-३२ ची इंजिने पंखाच्या वर कुबडासारखी उठलेली असतात. बाजूने दिसले तर एवढे पुरते. थेट डोक्यावर असेल तर थांबावे आणि ते वळण्याची वाट पाहावी. सी-१३० ला चार पंखे. सी-१७ आणि आयएल-७६ दोन्ही चार जेट इंजिनांची आणि टी-शेपटीची. सी-१७ च्या पंखांची टोके वर वळलेली, आयएल-७६ च्या नाकाखाली काचेचा भाग. नौदलाचे पी-८आय बोईंग ७३७ च्या सांगाड्यावर बांधलेले असल्याने उंचावर ते प्रवासी विमान म्हणूनच खपते.

हेलिकॉप्टरांत पाती मोजायची. चेतक आणि चीता यांना तीन, ध्रुवला चार, मि-१७ ला पाच. फिरती पाती डोळ्याला मोजता येत नाहीत, पण मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात येतात. चेतकला चाके आणि झाकलेली शेपटी. चीताला घसरपट्ट्या आणि उघड्या जाळीची शेपटी. निवडणुकीत किंवा आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिसणारी बहुतेक हेलिकॉप्टरे खासगी किंवा सरकारी असतात, लष्करी नव्हेत. एकसारखी तीन मि-१७ एकामागोमाग गेली, तर पंतप्रधानांचा दौरा आहे का ते वर्तमानपत्रात पाहावे.

चुकीच्या ओळखींची यादी लांब आहे. खेड्यात अजून ‘इमान’ म्हणतात आणि मागे पांढरी रेघ असली की त्याचेच ‘रॉकेट’ होते. ती रेघ म्हणजे इंजिनातल्या वाफेचे, उणे ४० अंशांच्या आसपासच्या किंवा त्याहून थंड हवेत गोठलेले बर्फकण. मुंबई-हैदराबाद सरळ रेषा शहराच्या थोडी उत्तरेकडून जाते, त्यामुळे अशा रेघा बहुधा प्रवासी विमानांच्या. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. इतर विमाने ढग टाळतात, तर या प्रयोगाची विमाने ढगांकडे जात; तेव्हा कोणाला त्यात लष्करी काम दिसले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. रात्री न लुकलुकता सरळ जाणारा आणि मध्येच विझणारा ठिपका उपग्रह असतो. विमानाच्या डाव्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा.

कधी विमान न दिसता नुसता स्फोटासारखा आवाज येतो, तावदाने थरथरतात. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाच्या दाबलहरीचा तो धमाका असू शकतो. २० मे २०२० रोजी बंगळूर अशाच आवाजाने हादरले आणि तो हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाचा असल्याचे संरक्षण खात्याने नंतर सांगितले. प्रत्येक धमाका विमानाचाच मानणे तितकेच चूक. खाणीतला सुरुंगही तावदाने हलवतो.

मोबाइलवरची विमान-मागोवा अ‍ॅपे विमानाने स्वतः १०९० मेगाहर्ट्झवर पाठवलेल्या माहितीवर चालतात. लढाऊ विमाने ती सहसा पाठवत नाहीत; मालवाहू कधी दिसतात, कधी नाही. या छंदात अ‍ॅपचा खरा उपयोग उलटा आहे. दिसणारे विमान पडद्यावर सापडले तर ते बहुधा प्रवासी म्हणून वगळता येते.

घरावरून गेलेले विमान पाहायला आणि वहीत लिहायला बंदी नाही. तळाच्या भिंतीशी कॅमेरा घेऊन उभे राहणे वेगळे: १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात असे तळ प्रतिबंधित जागांत येतात. २००१ मध्ये ग्रीसमध्ये काही ब्रिटिश छंदिष्टांना लष्करी हवाई तळांवर नोंदी घेतल्याबद्दल अटक झाली, शिक्षाही झाली आणि २००२ च्या अखेरीस अपिलात ते सुटले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना माध्यमांना दिली. तणावाच्या दिवसांत विमानांची संख्या, वेळ आणि दिशा लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये. नोंद वहीत राहिली तरी शिळी होत नाही.