गाडीला सहा महिने, माणसाला नव्वद दिवस

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या केलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाह्य सीमांवर बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांच्या पासपोर्टावर शिक्के मारण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो आणि आत-बाहेर जाण्याची संगणकीय नोंद आली. आठवडाभरासाठी विमानाने येणाऱ्या प्रवाशाला यामुळे रांग लांबण्यापलीकडे फारसा फरक पडत नाही. मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन महिनोन्महिने फिरणाऱ्यांचे मात्र सगळे गणितच दिवसांवर चालते आणि ते दिवस आता कोणी अधिकारी पासपोर्ट चाळून मोजत नाही, यंत्र मोजते. त्यामुळे बरीच वर्षे भिजत पडलेला प्रश्न पुन्हा वर आला आहे. कुठल्याही एका देशात वस्ती न करता लागोपाठ अनेक देशांत फिरणाऱ्या माणसाला कायदा कुठे बसवतो?

सीमेवर मोटरहोमच्या दोन नोंदी होतात. गाडीची नोंद सीमाशुल्काच्या खात्यात, माणसाची नोंद प्रवेश-परवान्याच्या खात्यात. ही दोन खाती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी तयार झाली.

गाडीचे खाते जुने आहे. परदेशी गाडी देशात आली म्हणजे माल आयात झाला आणि ती तिथेच विकली गेली तर शुल्क बुडाले, एवढी साधी भीती त्यामागे होती. सुरुवातीच्या मोटारवाल्यांना सीमेवर अनामत भरावी लागे. मग वाहनचालकांच्या संघटना हमीदार म्हणून पुढे आल्या आणि एका देशापुरता 'ट्रिप्टिक' व अनेक देशांसाठी 'कार्नेट' असे कागद रूढ झाले. ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने या पद्धतीला पक्के रूप दिले. देशाबाहेर कायमचे राहणाऱ्या माणसाने, खासगी वापरासाठी, तात्पुरती आणलेली गाडी शुल्कमुक्त. कागदाची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मागे जोडलेली गाडी आणि नेहमीची साधनसामग्रीही त्यात धरली गेली. पुढे साठच्या दशकात पश्चिम युरोपातल्या बहुतेक सीमांवर पर्यटकांना हे कागद लागेनासे झाले. आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत मात्र कार्नेट आजही लागतो.

हा कार्नेट जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत शिरताना एक भाग सीमाशुल्क अधिकारी फाडून ठेवतो, बाहेर पडताना दुसरा. तिसरा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही वेळचे शिक्के लागतात. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर त्या देशाच्या लेखी गाडी अजून आतच आहे आणि शुल्काची मागणी हमीदाराकडे जाते. हमीदार ती मालकाकडून वसूल करतो. मग मालकाला गाडी प्रत्यक्षात कुठे आहे याचा दाखला अधिकृत तपासणीनंतर मिळवून पाठवावा लागतो. रात्रीच्या वेळी, घाईत, भाषा न कळणाऱ्या नाक्यावरून निघताना जाणकार प्रवासी आधी पुस्तक उघडून तो तिसरा भाग पाहतात, ते याचसाठी. पश्चिम युरोपातून इराण, अफगाणिस्तानमार्गे काठमांडूपर्यंत जाणारा रस्ता १९७९ पर्यंत वाहता होता. त्या वाटेवरच्या गाड्यांची भिस्त याच पुस्तकावर होती.

माणसाचे खाते नंतर गुंतागुंतीचे झाले, आणि खरा वाद तिथेच आहे. १९८५ मध्ये पाच देशांनी आपापसातल्या सीमा उघडण्याचा शेंगेन करार केला आणि मार्च १९९५ मध्ये सात देशांत त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी झाली. मोटरहोमवाल्यांसाठी ही मोठीच सोय होती. पोर्तुगालपासून जर्मनीपर्यंत कुठे थांबायचे कारण उरले नाही. पण आतल्या सीमा गेल्या तेव्हा मुक्कामाची मुदतही सगळ्या देशांची मिळून एकच झाली. आधी बाहेरच्या माणसाला प्रत्येक देशात स्वतंत्र मुदत मिळे. आता सगळे मिळून सहा महिन्यांत तीन महिने. देश वाढले तरी दिवस तेवढेच राहिले.

या 'सहा महिन्यांत तीन महिने' या शब्दयोजनेतच फट होती. मोजणी पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासून करायची, असे मूळ करारात म्हटले होते. पण पहिला प्रवेश म्हणजे कोणता? या प्रश्नाचा निकाल युरोपीय न्यायालयाने २००६ मध्ये दिला. निकाल असा लागला की पहिल्या प्रवेशापासूनचे सहा महिने संपले की पुढचा प्रवेश पुन्हा 'पहिला' धरायचा आणि मोजणी नव्याने सुरू करायची. एखाद्याने जानेवारीच्या आरंभी एक दिवस येऊन परतावे, एप्रिल ते जून तीन महिन्यांना थोडे कमी राहावे, जुलैच्या सुरुवातीला सीमा ओलांडून पुन्हा आत यावे आणि आणखी तीन महिने राहावे, हे या निकालानुसार नियमात बसत होते. जवळजवळ सहा महिने सलग. लांब पल्ल्याच्या प्रवाशांना त्यातून मोकळीक मिळाली. ती लबाडी नव्हती. न्यायालयाने लावलेल्या अर्थाप्रमाणे वागणे होते.

१८ ऑक्टोबर २०१३ पासून ती फट बुजवली गेली. नवी व्याख्या: कुठल्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवस. मोजणी आता पुढे करायची नाही, मागे करायची. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यात आतले दिवस ९० हून जास्त भरता कामा नयेत. येण्याचा दिवसही धरायचा आणि जाण्याचाही. नियम आधीपेक्षा स्पष्ट झाला हे मान्य करायला हवे. पण तो बनवताना डोळ्यासमोर होता तो मुदत उलटून राहणारा माणूस. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या चाकांवरच्या घरात, एकाही देशात तीन महिने न राहता फिरणारा माणूस त्यात सरसकट भरडला गेला.

ही अडचण नियम करणाऱ्यांच्याही लक्षात आली होती, म्हणूनच पुढचा प्रसंग अधिक खटकतो. १ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेने 'भ्रमंती व्हिसा'चा प्रस्ताव मांडला. दोन किंवा अधिक देशांत मिळून एक वर्षापर्यंत राहता येईल, ती मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येईल, अट एवढीच की कुठल्याही एका देशात १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त मुक्काम नको. पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा दाखवायचा. दौऱ्यावर फिरणारे कलावंत डोळ्यासमोर होते, तसेच निवृत्तीनंतर लांब प्रवासाला निघणारेही. मोटरहोमवाल्यांनी वर्षानुवर्षे जे मागितले ते जवळपास शब्दशः या मसुद्यात होते. सदस्य देशांकडून त्याला पाठबळ मिळाले नाही. सीमा आणि स्थलांतरावरून युरोपचे वातावरण तापल्यावर तर तो मागेच पडला आणि २०१८ मध्ये अधिकृतपणे मागे घेतला गेला. त्यानंतर तशा धर्तीचे काहीही पुढे आलेले नाही. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिले गेले.

त्याची खरी किंमत कळली ती १ जानेवारी २०२१ नंतर. ब्रेक्झिटमुळे ब्रिटिश नागरिक त्या दिवसापासून बाहेरचे ठरले. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मोटरहोममध्ये अख्खा हिवाळा काढणाऱ्या निवृत्तांना अचानक नव्वद दिवसांचे कुंपण पडले. फ्रान्समध्ये घर असलेल्या ब्रिटिशांसाठी तिथल्या संसदेने सवलतीची तरतूद तरी केली, जरी ती जानेवारी २०२४ मध्ये घटनात्मक तपासणीत बाद झाली. चाकांवरच्या घरासाठी तेवढाही प्रयत्न झाला नाही. त्यांच्यापुढे पर्याय उरला तो एखाद्या देशाच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचा. त्याच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता मागतात. रोज जागा बदलणाऱ्याने कोणता पत्ता द्यायचा?

दुसरा पर्याय म्हणजे नव्वद दिवस भरत आले की बाहेर जाऊन थांबणे. या थांबण्याच्या जागाही एकेक करून कमी झाल्या. क्रोएशिया ही अनेकांची ठरलेली जागा होती. १ जानेवारी २०२३ ला ती शेंगेनमध्ये गेली. रोमानिया आणि बल्गेरियातले दिवस ३१ मार्च २०२४ पासून त्याच नव्वदात धरले जाऊ लागले आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या रस्त्यांवरच्या सीमाही उठल्या. आता उरले अल्बानिया, माँटेनेग्रो, बोस्निया, सर्बिया, तुर्कस्तान आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडचा मोरोक्को.

आणि इथे गाडीचे खाते पुन्हा आडवे येते. युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाची खासगी गाडी साधारणपणे सहा महिने शुल्काविना राहू शकते. माणसाला नव्वद दिवस, गाडीला सहा महिने. वाटते की गाडी तिथेच ठेवून विमानाने घरी जावे आणि पुन्हा यावे. हिशेब करून पाहा. १ मार्चला आत आलात आणि सलग राहिलात तर ९० वा दिवस २९ मे. त्यानंतर पुन्हा आत येता येईल ते २८ ऑगस्टला. गाडीचे सहा महिने ऑगस्टअखेर संपतात. म्हणजे परत आल्यावर गाडी संघाबाहेर काढायला जेमतेम तीन-चार दिवस. उन्हाळ्याच्या ऐन गर्दीत. मधल्या काळात ती गाडी तिथल्या एखाद्या मित्राला चालवायला देणेही धोक्याचे, कारण संघातल्या रहिवाशाने तिला हात लावला की शुल्कमाफी धोक्यात येते. तुर्कस्तानात तर अनेक वर्षे गाडीची नोंद थेट चालकाच्या पासपोर्टावर होत असे, त्यामुळे गाडी मागे ठेवून देश सोडणेच अवघड होते. मोरोक्कोत गाडीला वर्षात सहा महिने मिळतात, माणसाला तिथेही एका वेळी नव्वद दिवस.

ही दोन खाती जुळवणे अशक्य आहे असे नाही, निदान गाडीच्या बाजूने तरी. मेक्सिकोच्या सीमाशुल्क कायद्यात परदेशी रहिवाशाच्या साध्या मोटारीला १८० दिवस मिळतात, मोटरहोमला मात्र १० वर्षे. मोटरहोम ही वेगळ्या जातीची वस्तू आहे, मालक येत-जात राहील आणि गाडी थांबून राहील, हे तिथे कायद्यानेच ओळखले. अडचण येते ती व्हॅनमध्ये स्वतः घर बसवलेल्यांची. पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि शौचालय गाडीत पक्के बसवलेले आहे हे सीमाशुल्काच्या खिडकीवर पटवून देता आले नाही, तर दहा वर्षांचे १८० दिवस होतात. म्हणून लोक आतले फोटो छापून सोबत नेतात.

आतल्या घराची तपासणी हा वेगळाच विषय, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटारीच्या डिकीत सामान असते. मोटरहोममध्ये फ्रीज असतो. २०२१ पासून ब्रिटनहून युरोपीय संघात जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. १२ एप्रिल २०२५ पासून, लाळ-खुरकूत रोगाच्या साथीमुळे, ब्रिटननेही उलट दिशेने तशीच बंदी घातली. त्यामुळे इंग्लिश खाडी ओलांडण्याआधी दोन्ही बाजूंना फ्रीज रिकामा करावा लागतो. अमेरिका-कॅनडा सीमेवर फळे, भाज्या आणि शेकोटीची लाकडेसुद्धा अडतात, कारण लाकडातून कीड जाते.

२०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा माणसे विशेष विमानांनी घरी गेली आणि गाड्या परक्या देशांत उभ्या राहिल्या. अनेक देशांनी गाड्यांच्या मुदती वाढवून दिल्या. आणीबाणीत ही दोन्ही खाती लवचिक होऊ शकतात, एवढे त्यातून दिसले. नंतर मुदती पूर्ववत झाल्या.

नव्या संगणकीय प्रणालीत माणसाची नोंद होते, गाडीची होत नाही. गाडी कधी आत आली याचा पुरावा अजूनही मालकानेच सांभाळायचा: फेरीबोटीचे तिकीट, टोलची पावती, सीमेवरच्या पंपावरचे बिल. यानंतर व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी प्रवासपूर्व परवाना येणार आहे. त्याचे शुल्क २० युरो आणि वैधता तीन वर्षे ठरली आहे. नव्वद दिवसांच्या मर्यादेत त्याने बदल होणार नाही.