गळका ट्रॅक्टर धुऊन आणू नका

“रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय, पण खाली थेंब दिसत नाही.” आमच्या गॅरेजमध्ये जुना ट्रॅक्टर आणणारे बहुतेक जण हेच सांगतात. आणि ट्रॅक्टर असतो चकाचक, खास आमच्यासाठी धुतलेला. भावना पोचते, पण त्या धुण्यात आमचा पुरावाच वाहून जातो.

बारीक गळती गरम ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, पडली की वाफ होऊन उडते. मागे उरतो वाळलेला डाग: पांढरट, हिरवट नाहीतर तांबूस. त्याच्या मागावर वर चढत गेलं की मूळ सापडतं. वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. ते भोक लांबी लावून बुजवू नका. सीलमधून आलेलं पाणी बेअरिंगकडे न जाता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. धुतलेल्या इंजिनावर हे सगळं पुन्हा उमटेपर्यंत ट्रॅक्टर चालवत बसावं लागतं, आणि तो वेळ तुमच्या बिलात येतो.

रेडिएटर काठोकाठ भरला तर तापल्यावर वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जाणारच. ती गळती नव्हे.

बाहेर डागच नसेल तर पाणी आत जात असणार. वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा इंजिनात नळीचे खालचे ओ-रिंग (रबरी कडी) कडक झाले की पाणी थेट तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. म्हणून आम्ही ट्रॅक्टर रात्रभर ठेवून घेतो. “होज (रबरी पाइप) बदला आणि सोडा” म्हणणाऱ्यांची यावर कुरकुर असते. पण पाणी तेलापेक्षा जड, रात्रीत तळाला बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा ड्रेन नट हळूच सैल केला की आधी पाणी येतं, मग काळं तेल. मागे एका ट्रॅक्टरमधून असं कपभर पाणी निघालं. मालकाचे तोवर दोन होज आणि रेडिएटर बदलून झाले होते.

थंड इंजिन रेडिएटरचं टोपण काढून सुरू केल्यावर त्याच्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलं किंवा हेडला तडा. इंजिन गरम असताना हे टोपण मात्र उघडूच नका.

गळती बंद करायची पावडर टाकली असेल तर आधीच सांगा, रागावणार नाही. काढलेला पार्ट तुमच्या हातात देतो, नवा बसवण्याआधी. आणि ट्रॅक्टर धुऊन द्यायचं काम आमच्याकडे, गळती थांबल्यावर.